सासूबाईंचं नाक

सासूबाईंनी माशाच्या डोळ्यांत पाहिलं आणि मी हातातली पिशवी खाली ठेवली.

मासा साधाच होता. सुदाक, हातभर लांबीचा, अराल समुद्राकडून पहाटे बर्फाच्या पेटीतून आलेला. कझाखस्तानातल्या किझिलोर्दाच्या बाजारात मासळीच्या रांगेत त्या सकाळी असे कितीतरी सुदाक फळ्यांवर आडवे पडले होते. बायका त्यांच्या डोळ्यांत वाकून बघत होत्या, बोटानं पोट दाबत होत्या, शेपटी धरून उचलत होत्या. त्यात वावगं काही नाही. सगळं जग असंच मासे घेतं. पण माझ्या सासूबाई सगळ्या जगात मोडत नव्हत्या.

“डोळा बघून मासा घेणारी आणि फोटो बघून नवरा करणारी, दोघींची अक्कल सारखीच,” असं त्या म्हणायच्या. बर्फ आणि मिठाचं पाणी मारत राहिलं की डोळा चकाकता राहतो. दुसऱ्या माशाचं रक्त चोळलं की कल्ले लाल दिसतात. थंडीनं आखडलेला मासा बोटाला टणकच लागतो, मग तो आजचा असो की परवाचा. लबाडी करता येत नाही ती फक्त वासात. म्हणून सासूबाई कल्ल्याच्या झाकणाखाली अंगठा घालायच्या, आत खोलवर फिरवायच्या, अंगठा नाकाशी न्यायच्या आणि डोळे मिटायच्या. मग मासा एक तर माझ्या पिशवीत पडायचा, नाही तर फळीवर परत जायचा. त्यांनी परत टाकलेला मासा मग त्या दिवशी रांगेत कुणी घेत नसे. बाजारात आमच्या मागेमागे चार अनोळखी बायका घुटमळायच्या, त्या त्यासाठीच.

माझं काम पिशवी धरण्याचं. मी कझाख, माहेर लांब गवताळ रानातलं. आम्ही मेंढी आणि घोडा खाणारी माणसं. पाण्यात राहणारं काही आपण खायचं असतं, हेच मला लग्नानंतर कळलं. त्युगायांच्या कोरियन घरात मी सून म्हणून आले तेव्हा दोन्हीकडच्या नातेवाइकांनी जी तोंडं केली होती, ती आठवली की मला अजून हसू येतं. पहिल्याच संध्याकाळी माझ्यापुढे खे ठेवलं. खे म्हणजे कच्च्या माशाचे बोटभर तुकडे, वर व्हिनेगर, लाल तिखट, लसूण, गाजराचा कीस आणि कडकडीत तेल. मी एक घास घेतला आणि अंगणात पळाले. परत आले तेव्हा सासूबाई शांतपणे जेवत होत्या.

“झाली उलटी?” त्यांनी विचारलं. “बरं झालं. जागा झाली. आता खा.”

मी खाल्लं. पुढे तर आवडायला लागलं. पण मासा निवडण्याच्या बाबतीत त्यांनी माझ्यावर कधी भरवसा टाकला नाही. माझं नाव बोतागोझ, म्हणजे उंटाच्या पिल्लाचे डोळे. “हिचं नावच डोळ्यांवरून पडलंय,” त्या कुणालाही सांगायच्या, “हिला मासा काय कळणार?”

त्यांना मात्र कळायचा, आणि त्यांच्यावाचून आमच्या गल्लीचं पान हलत नसे. गल्ली सगळी कोरियनांची, पणजोबांच्या काळात रशियाच्या पूर्व टोकाकडून इकडे आणून वसवलेल्यांची. लग्न असो, मुलाचा पहिला वाढदिवस असो, कुणाची साठी असो, ताटात खे हवंच. कच्चं खायचं, म्हणजे मासा चुकून चालत नाही. म्हणून आठवडाभर आधी घरातलं कुणीतरी आमच्या दारात यायचं, बूट काढून आत बसायचं आणि म्हणायचं, “रिम्माकाकू, मासा तुम्ही बघाल ना?” सासूबाई जरा आढेवेढे घ्यायच्या. पाय दुखतात म्हणायच्या. मग हो म्हणायच्या आणि माणूस गेल्यावर दिवसभर खुशीत असायच्या. आमच्या गल्लीचा एक रिवाजही होता. ज्यानं मासा निवडला, त्यानं पहिला घास घ्यायचा. तो घास गिळून सासूबाईंनी मान हलवली की मगच वाडगी पाहुण्यांपुढे जायची.

त्या दिवशी गेरासिम नोगायची साठी होती. शंभरावर पाहुणे, अल्माटीहून मुलगे, ताश्कंदहून मेव्हणे. आणि आदले दोन दिवस वारा असा सुटला होता की एखाददुसरी होडीच पाण्यात उतरली होती. ताजा माल थोडा आणि आधीचा बराच, सगळा एकाच फळीवर शेजारीशेजारी.

“आल्या गं बाई आल्या!” कुलाशनं आम्हाला लांबूनच बघून आरोळी ठोकली होती. कुलाश आमची ठरलेली मासळीवाली. आडवा बांधा, लोकरी रुमाल आणि रांगेत सगळ्यांत मोठा आवाज. “झाका आपापले मासे! रिम्मामावशी आल्या!”

“तू आधी झाक. लांबून वास मारतायत तुझे,” सासूबाई म्हणाल्या. रांग हसली. हे दोघींचं नेहमीचं होतं.

मग त्या वाकल्या. कल्ल्यात अंगठा घातला, फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटले. मग डोळे उघडून त्यांनी माशाचं डोकं दोन बोटांनी उजेडाकडे वळवलं आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पोट दाबून पाहिलं. पुन्हा डोळ्यांत पाहिलं.

“हा,” त्या म्हणाल्या.

कुलाशचा हात तराजूवर तसाच राहिला. “हा? मावशी, हा घेताय?”

“का, विकायचा नाही?”

“विकायचाय की. पण तो...” कुलाशनं शेजारच्या फळीकडे चोरून पाहिलं. आपलाच माल शिळा आहे असं भर रांगेत ओरडून सांगणारी मासळीवाली अजून जन्मायची आहे. ती आवाज खाली आणून म्हणाली, “तो तळायला छान लागेल. तुम्हाला खे करायचंय ना? त्या मागच्या पेटीतले बघा.”

“मागच्या पेटीतले बारके आहेत. गेरासिमच्या साठीला मी बोटाएवढे मासे नेऊ?”

“बारके आहेत, पण... मावशी, एकदा परत वास घ्या ना.”

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. सासूबाईंना कुणी परत वास घ्या म्हणावं, असं त्या रांगेत कधी झालं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

“तू फ्रॉक घालून इथे बोरं चोखत फिरायचीस, तेव्हापासून मी इथे अंगठे घालतेय,” त्या म्हणाल्या. “काट्यावर टाक.”

कुलाशनं माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंच्या बाहीला हात लावला. “आई, मागची पेटी पण बघू या ना, आलोच आहोत तर.”

“तू पिशवी धर.”

मी पिशवी धरली. त्या एकेक मासा उचलत होत्या, अंगठा नाकाशी नेण्याचं सगळं साग्रसंगीत करत होत्या आणि शेवटी चकाकता डोळा बघून मासा पिशवीत टाकत होत्या. माझ्या मागे घुटमळणाऱ्या बायका त्यांनी परत टाकलेले मासे टाळत होत्या. त्यांतले काही ताजे, चांगले असणार. कुलाश मुकाट्यानं वजन करत होती. निघताना तिनं ना आरोळी ठोकली ना टोमणा मारला. “जपून जा मावशी,” एवढंच म्हणाली, आणि ते मला तिच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त लागलं.

पिशवीतले मासे दोन पेट्यांत भरून टॅक्सीच्या डिकीत ठेवले आणि आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. मी मनातल्या मनात जोडत गेले. मागच्या हिवाळ्यात त्या नळापाशी बर्फावरून घसरल्या होत्या, डोकं मागून आपटलं होतं. दवाखान्यात टाके घातले, घरी आणलं, आठ दिवसांत पुन्हा चुलीशी उभ्या राहिल्या. सगळे म्हणाले, म्हातारी लोखंडाची आहे. त्यानंतरच एकदा दूध करपून घरभर धूर झाला होता आणि त्या शेजारीच बसून मटार सोलत होत्या. एकदा भात जळला. एकदा मी बाहेरून आले तर घरभर गॅसचा वास भरला होता, बटण अर्धवट सुरू होतं आणि त्या टीव्हीपुढे. मी म्हटलं, वय झालं, विसरायला लागल्या. माझ्या नवऱ्यालाही फोनवर तसंच सांगितलं. आर्तूर कोरियात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे, वर्षातून एकदा येतो. तो म्हणाला, आईला विसरू दे काय विसरायचं ते, फक्त चूल तू सांभाळ.

त्या काही विसरत नव्हत्या.

“आई,” मी म्हटलं, “तुम्हाला वास येतो ना?”

त्या समोर बघत होत्या. “खिडकी लाव,” म्हणाल्या. “वारा येतोय.”

नोगायांच्या घरी स्वयंपाकघरात कोळशाची भट्टी पेटलेली होती. बायका जमिनीवर मेणकापड अंथरून गोल बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे फळी आणि सुरी. सासूबाईंना खिडकीजवळची खुर्ची दिली, गुडघ्यांवर शाल घातली. गेरासिमची बायको ल्युबा सगळ्यांवर हुकूम सोडत फिरत होती. केसांत तिनं सकाळीच मोठे गोल रोलर लावले होते आणि अजून काढले नव्हते. गप्पा चालल्या होत्या, कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचा मुलगा सेऊलला जाऊन कसा सासरचाच झाला.

मासे थंडीत होते तोवर काही कळलं नाही. भट्टीच्या उबेला ते सैल पडले. पहिल्या दोन-तीन माशांची पोटं चिरली तेव्हाही ठीक होतं. मग माझ्या शेजारणीनं एक चिरला आणि तिची सुरी थांबली.

मला मासा कळत नाही असं सासूबाई म्हणायच्या. पण तो वास कळायला उंटाचं पिल्लूही पुरे झालं असतं. गोडसर, जड, घशात बसणारा. शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. समोरच्या दोघींनी नाकाला पदर लावावा तसे मनगट लावले आणि लगेच काढून घेतले, कारण सासूबाई समोरच बसल्या होत्या. गप्पा हळूहळू बंद पडल्या. फक्त सुऱ्यांचा आवाज येत राहिला.

“काय झालं गं, दात पडले का सगळ्यांचे?” सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं.

“नाही काकू, कांदा लागतोय डोळ्यांना,” कुणीतरी म्हणालं. कांदा अजून कापायलाही घेतला नव्हता.

ल्युबा आत आली, दारातच थबकली, आणि एका क्षणात तिला सगळं कळलं. ती बावळट बाई नाही. बाहेर शंभर माणसं बसली होती. तिनं माझ्याजवळ येऊन घमेल्यातल्या तुकड्यांवर व्हिनेगरची बाटली उपडी केली. “लसूण वाढवा,” ती हळूच म्हणाली. “तिखट वाढवा. चांगलं चोळा.” मग आणखी हळू, “देवा, आता काय करू मी?”

ती तरी काय करणार? काकूंनी निवडलेला मासा वाईट आहे, हे काकूंच्या तोंडावर सांगायचं कुणी? त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकीच्या लग्नाचा मासा निवडला होता. त्या बायकांतल्या अर्ध्याजणींना त्यांनी पाळण्यात बघितलं होतं. एकीनं कुजबुजत सुचवलं, मांजर शिरलं म्हणून सांगू. दुसरी म्हणाली, पाहुण्यांना वाढूच नका, काकूंपुढे फक्त वाडगं फिरवा. मी तुकडे चोळत होते, हात तिखटानं भगभगत होते आणि मला रडू येत होतं. मला मासा वाया गेल्याचं काही नव्हतं. या सगळ्याजणी माझ्या सासूबाईंना लहान मुलासारखं फसवायला निघाल्या होत्या, तेही प्रेमानं, ते मला सहन होत नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून गेरासिमचा आवाज आला. “काय गं ल्युबा, माझी साठी संपून सत्तरी आली! रिम्माकाकूंना घास दिला का?”

कुणीतरी वाडगं भरलं. कुणीतरी खायच्या काड्या दिल्या. बाहेरचे दोन-तीन म्हातारे दाराशी येऊन उभे राहिले, कारण पहिला घास बघायलाही माणसं यायची. सासूबाईंनी शाल बाजूला केली, पाठ ताठ केली. काड्यांत एक तुकडा धरला. तो त्यांनी आधी नाकाशी नेला, नेहमीसारखा.

मी उठले आणि त्यांचं मनगट धरलं.

कोरियन घरात सून सासूचा हात धरत नाही. कझाख घरातही नाही. सगळं स्वयंपाकघर माझ्याकडे बघत होतं.

“आई, नका खाऊ,” मी म्हटलं.

“का?”

मी मनगट सोडलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ल्युबाकडे, मग खाली बसलेल्या एकेकीकडे. एकीनंही त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

“ल्युबा,” त्या म्हणाल्या, “वास येतोय का?”

“थोडासा... काकू, घरात ऊब आहे ना, त्यामुळे असेल...”

“थोडासा म्हणजे काय? येतोय की नाही?”

ल्युबाचे डोळे भरून आले. “येतोय काकू.”

सासूबाईंनी माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या, अगदी नीट, टोकं जुळवून.

“बादली आण,” त्या मला म्हणाल्या.

मी आणली. त्या खुर्चीतून उठल्या, खाली वाकल्या, गुडघ्याला त्रास होत असताना वाकल्या, आणि मोठ्या घमेल्यातलं सगळं स्वतःच्या हातानं बादलीत ओतलं. कुणी मदतीला पुढे झालं तर त्यांनी कोपरानं दूर केलं. न चिरलेले मासेही टाकायला लावले. त्यांत चांगले कुठले, वाईट कुठले, हे निवडत बसायला कुणी तयार नव्हतं. मग हात धुतले आणि दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “मासा मी निवडला. कुलाशला कुणी बोलायचं नाही. ती मला सांगत होती, मीच ऐकलं नाही. बर्फावर पडले त्या दिवसापासून मला कशाचाच वास येत नाही.”

भट्टीवरचं पाणी उकळत होतं.

“इतके महिने, काकू?” ल्युबानं विचारलं. “आणि मग त्सोयांच्या नातवाचा वाढदिवस? पाकांच्या मुलीचं लग्न?”

“तेव्हा नशिबानं निभावलं. कुलाशच्या फळीवर सगळाच माल ताजा होता. माझं त्यात काही नव्हतं.” त्या खुर्चीत बसल्या. “गेरासिमला बोलाव. मला त्याची माफी मागायची आहे.”

गेरासिम आला. भला माणूस. नव्या कोटाच्या खिशात फूल, तोंडावर घाम. त्यानं सासूबाईंना माफी मागूच दिली नाही. त्यांच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, “काकू, डॉक्टरनं मला तिखट बंदच केलंय. आता माझ्यासमोर बसून बाकीचे खाणार नाहीत, एवढं मोठं बक्षीस मला साठीला कुणी दिलं नसतं.” सगळे हसले, जरा जास्तच मोठ्यानं. सासूबाईही हसल्या. मग त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो उठून गेल्यावर त्यांचा चेहरा जसा होता तसा मी आधी कधी पाहिला नव्हता.

समारंभ छान झाला. गाजराची कोशिंबीर होती, वाफवलेल्या पोळ्या होत्या, मेंढीचं मटण होतं. मुलग्यांनी वाकून नमस्कार केले, गाणी झाली, म्हातारे नाचले. पानांवरची खेची जागा मात्र रिकामी होती आणि प्रत्येक जण येऊन सासूबाईंना सांगून गेला की त्याला खे तसंही फारसं आवडत नाही. खोटं बोलण्यात कुणी कमी पडलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ओसरीवर ताश्कंदची एक बाई ल्युबाला सांगत होती की आमच्याकडे आता पाळलेला मासा मिळतो, डब्यात बंद, वर तारीख लिहिलेली, कुणाला विचारायलाच नको. ल्युबा मान हलवत होती. आम्हाला बघून तिनं मान हलवणं थांबवलं.

घरापर्यंत आम्ही चालत गेलो. गल्ली छोटीच आहे. मी त्यांचा दंड धरला होता आणि त्यांनी तो धरू दिला.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“सांगितलं असतं तर?”

“तर मी काहीतरी केलं असतं. डॉक्टरकडे नेलं असतं.”

“डॉक्टरकडे मी एकटी गेले होते. तो म्हणाला, आजीबाई, या वयात कान जातात, दात जातात, तुमचं नाक गेलं. मोठं काही नाही.” त्या थोडं चालल्या. “सांगितलं असतं तर मला बाजारात कुणी नेलं असतं? घरातच बसवलं असतं. बस आई, टीव्ही बघ.”

तसंच केलं असतं आम्ही, अगदी प्रेमानं.

घरी मी चहा केला, त्यांनी घेतला नाही. त्या आपल्या खोलीत गेल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग हाक आली.

“बोता. इकडे ये जरा.”

त्या पलंगावर बसल्या होत्या आणि मांडीवर एक जाड काळा कोट होता, पुरुषाचा, आतून मेंढीच्या लोकरीचा. सासऱ्यांचा. ते अरालहून मासळीची थंड गाडी चालवत यायचे, आणि मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेले. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत ओळखते. कोट पेटीत असतो हे मला माहीत होतं. सासूबाई तो अधूनमधून बाहेर काढतात हेही. मला वाटायचं, कसर लागू नये म्हणून काढत असतील.

“याचा वास घे,” त्या म्हणाल्या.

“आई...”

“कॉलरपाशी घे. नीट घे, घाई करू नकोस.” त्यांनी कोट माझ्यापुढे धरला. “मी पडायच्या आधी येत होता. अगदी थोडा, पण येत होता. आता येत नाही. गेला तो माझ्याकडून गेला की याच्यातूनच गेला, ते मला कळत नाही.”

मी त्यांच्या शेजारी बसून कोट घेतला. कॉलरमध्ये नाक खुपसलं आणि डोळे मिटले, त्या मिटायच्या तसे. डांबरगोळ्यांचा वास आला. जुन्या लोकरीचा, जरा धुळीचा. मी बाहीत पाहिलं, काखेपाशी पाहिलं, आतल्या खिशात नाक घातलं. डांबरगोळ्या. बाकी काही नाही. माणसाचा म्हणावा असा कसलाच वास त्या कोटात उरला नव्हता, आणि केव्हापासून नव्हता हे आता कुणीच सांगू शकलं नसतं.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सकाळपासून सगळ्यांनी त्यांच्यापासून नजर चुकवली होती. मी चुकवली नाही.

“येतो,” मी म्हटलं.

“येतो?”

“येतो आई. थोडा आहे, पण आहे.”

“कसला येतो?”

मी भिंतीवरच्या फोटोचा विचार केला. गाडीला टेकून उभा असलेला उंच माणूस, टोपी मागे सरकवलेली. “डिझेलचा,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. “माशाचा. थोडा घामाचा.” त्यांनी पुन्हा मान हलवली, त्यांचे ओठ जरा हलले. मला धीर आला. “आणि तंबाखूचा.”

त्या थांबल्या.

बाहेर नोगायांच्या अंगणातून गाण्याचा आवाज अजून येत होता. त्यांनी हात पुढे केला आणि कोट माझ्याकडून परत घेतला.

“तंबाखूला ते कधी शिवले नाहीत,” त्या म्हणाल्या.

रागावल्या नव्हत्या. उलट माझ्या गालाला त्यांनी हात लावला, त्या कधी लावत नाहीत, आणि तो थोडा वेळ तसाच ठेवला. मग त्यांनी कोटाची बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, बाह्या पाठीमागे दुमडल्या, हातानं दाबून दाबून सरळ घडी केली. पेटीचं झाकण लावून घेतलं.

“उद्या हा कुणाला तरी देऊन टाक,” त्या म्हणाल्या आणि घडी माझ्या मांडीवर ठेवली. “थंडी पडायला लागली आहे. कुणाच्या तरी अंगाला होईल.”